मागच्या अंगणातली हरळी

बाबा गेले त्या दिवशी सावलीत चव्वेचाळीस अंश होतं. आमच्याकडचा ऐन उन्हाळा, जानेवारीची दहा तारीख. शेवटच्या आठवड्यात ते फारसं बोलत नव्हते. एकदाच माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "मागची हरळी जाऊ देऊ नकोस, मेरिन. पुढची वाळली तरी चालेल. मागची नको."

"नाही जाऊ देणार, बाबा."

म्हटलं खरं, पण मनावर घेतलं नाही. औषधांच्या गुंगीत त्यांचं पुढचं-मागचं उलटं झालं असेल असं वाटलं. अ‍ॅडलेडपासून दोन तासांवरच्या आमच्या गावात तांब्याच्या खाणी कधीच बंद पडल्या. लोकांकडे मिरवायला पुढचं अंगण तेवढं उरलं आहे. ते रस्त्यावरून दिसतं. मागच्या अंगणात कपडे वाळतात. पाणी कमी पडलं की मागचं सोडायचं आणि पुढचं जगवायचं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

त्या वर्षी बागेत नळी लावायला बंदी होती. द्यायचं ते बादलीने, आणि शक्यतो वापरलेलं पाणी. अंघोळ करताना मी पायाशी बादली ठेवायची, वॉशिंग मशीनची नळी पिंपात सोडायची. सगळं मिळून दिवसाला आठ बादल्या. बाबांच्या पद्धतीने उजाडायच्या आत बागेच्या दांड्याच्या काट्याने जमीन टोचून घ्यायची, नाहीतर तापलेल्या मातीवरून पाणी घरंगळून जातं. मग एका बादलीत सात पावलं भिजवायची. आठ बादल्यांत पुढचं अंगण जेमतेम व्हायचं. हे बाबांचं, क्लेम ट्रवॉर्थांचं घर आहे हे रस्त्याला कळत राहावं, एवढंच मला हवं होतं.

शेजारच्या डॅफमावशी पत्र्याच्या कुंपणापलीकडे खोक्यावर उभ्या राहून गप्पा मारतात. वय ऐंशी. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हापासून खोकं तेच, असं बाबा म्हणायचे.

"अगं, पुढे काय ओततेस? तुझा बाप जन्मभर मागे ओतत आला. गोल्फचं मैदान म्हणायचो आम्ही."

"पुढचं करपलं तर लोक काय म्हणतील, मावशी?"

"लोक! अर्ध्या गल्लीने वाळल्या गवताला हिरवा रंग मारलाय. त्या पास्कोचा कुत्रा लोळला त्यात. हिरवा झालाय मेला, बघितलास का?"

बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली होती.

"मागे थोडं टाक गं," त्या म्हणाल्या. "थोडं तरी."

फेब्रुवारी लागला आणि मागचं अंगण पेंढ्यासारखं झालं. मला फार काळजी नव्हती. हरळी अशी मरत नाही. वरून वाळते, खाली मुळं धरून राहते. पण ती सगळीकडे सारखी वाळत नव्हती. कपड्यांच्या तारेपलीकडे आधी एक रेघ पांढरी पडली, आखल्यासारखी सरळ. दोन दिवसांनी तिला काटकोनात दुसरी फुटली. आठवड्याभरात चौकोन पुरा झाला. घराकडच्या बाजूला तेवढी एक फट होती, दाराएवढी.

कडक उन्हाळ्यात गवत गाडलेल्या भिंती उघड्या पाडतं, हे मी वाचलेलं होतं. दगडावर माती पातळ असते, तिथलं गवत आधी जळतं. म्हणजे इथे कधीतरी खोली होती. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

मग चौकोनाच्या आत, कोपऱ्यात, एक पट्टा हिरवाच राहिला. आजूबाजूला सगळं कुरकुरत होतं आणि तेवढा गडद, गार. मी त्याच्या शेजारी आडवी होऊन पाहिलं. माझ्या तळपायांपासून छातीपर्यंत आला. त्यापुढे नाही.

त्यानंतर वाट उमटायला लागली. फटीसमोर ताटाएवढं पांढरं वर्तुळ. दुसऱ्या सकाळी त्याच्यापुढे दुसरं. रोज एक. पाचवं आलं तेव्हा मी त्यांवर पाय टाकत चालून पाहिलं आणि अडखळले. अंतर माझ्या पावलांना कमी पडत होतं. पाय आखडून, तुरुतुरु चालले तेव्हा जमलं. सहाव्या दिवशी मान वर केली तर लक्षात आलं, वाट स्वयंपाकघराच्या दाराकडे जातच नव्हती. ती माझ्या खिडकीकडे येत होती. त्याच खोलीत मी लहानपणी झोपायची, आणि बाबांच्या आजारपणापासून पुन्हा तिथेच झोपत होते.

त्या दिवशी आठही बादल्या मी मागे ओतल्या. उशिरा का होईना, शब्द पाळावा म्हणून. आणि ती वाट थांबावी म्हणूनही. सकाळी सातवं वर्तुळ होतंच.

मी कुंपणाशी गेले. "मावशी, कोण राहायचं तिथे?"

त्या खोक्यावरून उतरल्या. मला वाटलं, टाळलं. पण त्या रस्त्याने वळसा घालून आल्या, आमच्या मागच्या पायरीवर बसल्या आणि धाप लागल्यासारख्या थांबल्या.

"क्लेमने शब्द घेतला होता माझ्याकडून. आता तोही गेला. तुला बहीण होती, मेरिन. एव्हरिल. चार वर्षांची."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"तू पोटात असताना तिला क्षय झाला. तू आलीस तसं डॉक्टर म्हणाले, बाळापासून लांब ठेवा. क्लेमने आठ दिवसांत ती खोली उभी केली. घरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती पोरीला. खिडकीतून बघ म्हणाले. मग त्याने तिच्या पावलांच्या मापाने फरश्या घातल्या, दवाने पाय भिजू नयेत म्हणून. रोज सकाळी यायची. चवड्यांवर उभी राहून काचेतून तुझ्याशी बडबडायची. तुला काय कळतंय! पण तू हसायचीस मात्र."

"मग?"

"मग हिवाळा आला. तुझ्या आजोळी पुरलं तिला. खोली पाडली. गादी, कपडे, बाहुली, सगळं जाळून तिच्या पलंगाच्या जागीच खोल खड्ड्यात घातलं. लोक फार भ्यायचे गं क्षयाला. तुला कुणी मांडीवर घेतलं नसतं. म्हणून बोलायचं नाही असं ठरलं. पुढे बोलायचं राहूनच गेलं. वर हरळी लावली."

हिरव्यात हिरवं दिसत नाही. एवढ्यासाठी पंचावन्न उन्हाळे बाबांनी बादल्या वाहिल्या होत्या.

"फरश्या किती होत्या?" मी विचारलं.

"नऊ. आता आठच. खिडकीखालची नववी तुझ्या आईने उपटली. तिला ती बघवेना. माझ्या नळाखाली आहे, मी तिच्यावर बादली ठेवते. विश्वास नसेल तर ये बघायला."

मी गेले. काळ्या दगडाची गोल फरशी, मधे किंचित झिजलेली. मी तिच्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दुसऱ्या सकाळी आठवं वर्तुळ आलं. मला बरं वाटलं. संपलं, एवढंच मनात आलं. आता पाणी घालायचं, पंधरा दिवसांत सगळं झाकलं जाईल, बाबांना दिलेला शब्द पुरा होईल.

त्याच्या पुढच्या सकाळी बादल्या भरून मी मागे आले आणि खिडकीखाली नववं दिसलं.

काटा घेऊन मी त्याच्या मधोमध दाबला. तो थेट दांड्यापर्यंत आत गेला. खाली दगड नव्हता, मऊ माती होती. गवताच्या काड्या नुसत्या वाळलेल्या नव्हत्या. दबलेल्या होत्या आणि सगळ्या भिंतीच्या दिशेने झुकलेल्या.

मी बादली उचलली. वर्तुळावर धरली. तेवढ्या जागेला अर्धी बादलीही पुष्कळ झाली असती. बाबांना दिलेला कुठलाच शब्द मी आजवर जाणूनबुजून मोडला नव्हता. ऊन भिंतीवर चढेपर्यंत मी तशीच उभी राहिले, मनगट भरून आलं.

मग ते पाणी मी पुढच्या अंगणात नेलं आणि कडेच्या गुलाबांना घातलं. उरलेल्या सात बादल्याही.

"मागची जाऊ देते आहे, बाबा," मी म्हटलं. मोठ्याने.

नऊ वाजता गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक बंद होऊ लागल्या, झडपा खाली आल्या. दक्षिणेचा गार वारा सुटेपर्यंत आता कुणी फट ठेवणार नव्हतं. मी माझी खिडकी वर सारली. भट्टीचं दार उघडावं तशी झळ आत आली. पलंग ओढून खिडकीपाशी आणला आणि तिकडे तोंड करून पडून राहिले.

बाहेर माशीचाही आवाज नव्हता. थोड्या वेळाने वाळलेलं गवत कुरकुरलं. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा, थोडं आणखी जवळ.

चौकटीच्या खालच्या कडेवरचा उजेड किंचित कमी झाला.

मी हसले.