काडेपेटीत मावलेले दुकान

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसू दे! मी ते माझ्या एकुलत्या एका डोळ्याने पाहिले आहे, आणि माझा एक डोळा तुमच्या दोन डोळ्यांपेक्षा मोठा आहे.

मी एक जुने भिंग आहे. राईचा पर्वत केला की लोक माणसाला नावे ठेवतात. मला मात्र त्याच कामासाठी घरात ठेवतात. तेव्हा माझ्या बोलण्यात एखादी गोष्ट जरा मोठी झाली, तर तो माझ्या धंद्याचा गुण समजा. पहिल्या ओळीत दोन वेण्यांची एक मुलगी डोळे बारीक करून बसली आहे ना, तिला घरात मिरची म्हणतात. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

माझा जन्म भट्टीत झाला. मला घडवायला एका अख्ख्या किनाऱ्याची वाळू वितळवली. जी खाली सांडली, तिचे लोकांनी नुसते चष्मे केले. मला पितळेची कडी बसवली, लाकडी मूठ लावली आणि मी एका घड्याळजींच्या दुकानात आलो. हे मिरचीचे आजोबा. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक पडदा.

त्या दुकानात मी उमेदीची सगळी वर्षे काढली. लोकांच्या मनगटावर थांबलेला वेळ आमच्याकडे उचलून आणला जाई आणि आपल्या पायांनी चालत परत जाई. एकदा एक मुंगी माझ्याखालून गेली. आपले रूप पाहून तिला असा गर्व चढला, की वारुळात जाऊन तिने वेगळी चूल मांडली! गिऱ्हाइके म्हणत, “घड्याळजी, काय डोळा आहे हो तुमचा!” घड्याळजी मला सदऱ्याच्या टोकाने पुसत म्हणत, “डोळा माझा नाही, याचा.”

दुकानातली सगळी घड्याळे बरोबर चालत. चालत नसे ते फक्त त्यांचे स्वतःचे, भिंतीवरचे. ते कायम पावणेचारला थांबलेले. “आधी हे दुरुस्त करा की,” असे कोणी चिडवले, तर घड्याळजी म्हणत, “ते घरचं आहे. ते थांबेल, गिऱ्हाईक थांबणार नाही.”

मग एके दिवशी त्यांचा हात थरथरला. चिमट्यातला इवलासा स्क्रू उडाला, मी खाली पडलो आणि माझ्या कडेचा एक टवका गेला. त्यांनी मला उचलले, पण पुसले नाही. त्या दिवसापासून दुकानाची फळी उघडली नाही. हातातली विद्या हातानेच सोडून गेली, असे त्यांना वाटले. ते कोणाशी फारसे बोलेनात.

आणि त्यातच घर बदलायचा आठवडा आला. मित्रांनो, युद्ध पाहिले नसेल तर घर बदलणारे कुटुंब पाहा! घड्याळजींचा मुलगा दोरी शोधत होता, दोरी सापडली तेव्हा कात्री हरवली. मिरचीची परीक्षा होती आणि तिचे पुस्तक बांधलेल्या गाठोड्यात गेले होते. मोरीतल्या नळाने नेमकी तेव्हाच गळायला सुरुवात केली. सूनबाई एका हाताने पोळ्या लाटत होती आणि दुसऱ्या हाताने कपबशा कागदात गुंडाळत होती. दारात तीन खोकी मांडली होती. एक न्यायचे, एक द्यायचे, एक टाकायचे.

घड्याळजींनी आपली हत्यारे स्वतः आणून तिसऱ्या खोक्यात ठेवली. चिमटे, पेचकस, आणि सगळ्यात वर मी.

“बाबा, अहो हे तरी राहू द्या,” सूनबाई म्हणाली.

“कशाला? जागा उरली तर मलाही त्यातच बसवा.”

सूनबाईची पोळी तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने मला खोक्यातून हळूच काढले, ओट्यावर बरणीला टेकवून तिरके उभे केले आणि दूध तापत ठेवले. दूध वर येईपर्यंतचा वेळ तेवढा तिचा स्वतःचा होता. त्या वेळात तिने टाकायच्या खोक्यातली एक रिकामी काडेपेटी उघडली आणि माझ्याखाली ठेवली.

मग रोज दूध तापू लागले आणि मी पाहत राहिलो. काय सांगू तुम्हाला! जळक्या काड्यांचे टेबल झाले. शर्टाच्या बटणाचे स्टूल झाले. चहाच्या फाटक्या गाळणीची खिडकीची जाळी झाली आणि पेन्सिलीच्या सालीची दिव्यावरची टोपी. खोडरबराचा एक तुकडा पोट पुढे काढून स्टुलावर बसला, आणि केसाएवढ्या तांब्याच्या तारेचा चष्मा नाकावर चढताच मी त्याला ओळखले. ते घड्याळजी होते!

मी जगातली बारीकसारीक सगळी कामे पाहिली आहेत. पण असे काम कधी पाहिले नव्हते. कचऱ्यातून उचललेली वस्तू तिच्या बोटांत जायची आणि दूध वर येईपर्यंत त्या वस्तूत जीव यायचा. शेवटी तिने तारेची एक कडी वळवली, तिच्यात डिंकाचा थेंब सोडला आणि तो वाळू दिला. रव्याच्या कणाएवढे ते भिंग. तो मी होतो. मित्रांनो, मी माझ्यातून मला पाहिले! त्या दिवशी दूध उतू गेले, पण आम्हा दोघांनाही पत्ता लागला नाही.

“अगं, हा टाकायचा खोका रोज हलका कसा होतोय?” मुलगा विचारायचा.

“उंदीर असतील,” सूनबाई म्हणायची, आणि मला गुपचूप परत खोक्यात ठेवायची.

निघायचा दिवस उजाडला. दारात टेम्पो उभा राहिला. भंगारवाल्याने तिसरा खोका खांद्यावर घेतला, त्यात मी. रिकाम्या दुकानात घड्याळजी एकटेच स्टुलावर बसले होते. भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता पांढरा गोल उरला होता.

सूनबाईने त्यांच्या तळहातावर काडेपेटी ठेवली. “बाबा, हे कुठल्या खोक्यात टाकू?”

त्यांनी पेटी सरकवून उघडली. जवळ धरली, लांब धरली. “काहीतरी आहे खरं... दिसत नाही गं. भिंग कुठंय माझं?”

“तुम्हीच तर टाकलंत,” मुलगा म्हणाला.

“अरे, मग थांबव की त्याला! ए भाऊ! थांब!”

असे ओरडलेले घड्याळजी त्या घराने कधी ऐकले नव्हते. भंगारवाला खोक्यासकट उलटा फिरला. त्यांनी मला काढले, सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि आत पाहिले. दुकानात कोणी श्वास घेईना. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला विसरला. गळका नळसुद्धा थांबला, शपथ!

घड्याळजींनी मला पेटीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवले. मग म्हणाले, “सूनबाई, घड्याळ चुकलंय.”

तिने गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे घड्याळ पेटीतल्या भिंतीला चिकटवले होते आणि काटे लावले होते दहा वाजून दहाला, जाहिरातीत असतात तसे. पडद्याआडून तिने सगळे दुकान पाठ केले होते. पण दुकानातले खरे घड्याळ दिसायचे फक्त दुकानात बसणाऱ्याला.

“आपलं पावणेचार,” घड्याळजी म्हणाले. “चिमटा द्या रे कोणीतरी.”

मुलाने अख्खा खोकाच जमिनीवर उपडा केला. चिमटा मिळाला. आता पेटी एका हातात आणि चिमटा दुसऱ्या हातात; मग मला कोण धरणार? तर मित्रांनो, मला कोणीच धरले नाही! मी आपला आपण हवेत अधांतरी उभा राहिलो. मिरची तिथेच कुठेतरी घुटमळत होती, तिचे काय एवढे! माझ्यातून एक तेज निघाले, ते घड्याळजींच्या बोटांवर पडले आणि त्यांचा हात दगडासारखा स्थिर झाला. एका दमात काटे पावणेचारवर आले! हत्यारे न्यायच्या खोक्यात गेली. आता या नव्या घरात खिडकीशी टेबल आहे, आणि संध्याकाळी सासरा आणि सून मिळून टाकाऊतून एकेक जग घडवतात.

म्हणून, बालमित्रांनो, एवढेच मागतो. कोणतीही जुनी वस्तू टाकण्यापूर्वी तिच्याकडे एकदा नीट, मोठी करून पाहा. माझ्या त्या तेजामुळे घड्याळजींचा हात तेव्हापासून एकदाही थरथरला नाही, आणि...

“खोटं! साफ खोटं! तू कुठला अधांतरी? मी धरलं होतं तुला, दोन्ही हातांनी! आणि आजोबांचा हात अजूनही थरथरतो. थरथरतो म्हणून तर रोज शाळेतून आल्यावर मी तुला धरते!”