मालनबाईच्या विहिरीची फाइल

पंडितनं फाइल उघडून दाखवली. आत काहीच नव्हतं, शून्य बाइट. मी त्याच्यावर खेकसले.

"ताई, स्क्रीनवर तर समदं दिसत होतं," तो म्हणाला. "गावानं पायलंय."

पंडित माझा चुलतभाऊ. गेवराईजवळच्या आमच्या गावातल्या पाणीवापर सहकारी संस्थेचा कॉम्प्युटर तोच सांभाळतो. त्या दुष्काळात, ज्यांच्या विहिरीला अजून पाझर होता त्यांची विहीर संस्था खोल करून देणार होती. पण तोंडी काही चालणार नव्हतं. तोंडी कारभारानं मागं डोकी फुटली होती. विहीर उपसायची, पाणी किती वेगानं परत चढतं ते सेन्सरच्या मशीननं मोजायचं आणि फाइल सभेपुढं ठेवायची. आमच्या मायची, मालनबाईची विहीर उपसली. पाणी परत विहिरीत मुरू नये म्हणून ते शेजारच्या मोसंबीच्या बागेला न देता लांब ओढ्यात सोडलं. मग नवं पाणी चढलं, चांगलं चढलं. शेवटचा आकडा दिसला आणि पंडितनं मशीनची पिन ओढली. आमच्याकडे गेलेली लाईट येताना जोरात येते आणि मोटारी जाळते, त्यामुळे काम झालं की पिन काढायची सवय सगळ्यांनाच आहे.

प्रोग्राम त्यानंच सी भाषेत लिहिलेला. पुण्यात मी हेच काम करते, चूक लगेच सापडली. फाइलमध्ये लिही म्हटलं तरी आकडे आधी मेमरीतल्या बफरमध्ये जाऊन बसतात. बफर भरला किंवा फाइल बंद केली की मगच पुढं सरकतात. आमच्या नोंदी इतक्या थोड्या की बफर भरलाच नाही, आणि फाइल बंद व्हायच्या आत पिन निघाली.

"प्रत्येक नोंदीनंतर एफफ्लश घाल, त्यानंतर एफसिंक," मी म्हणाले. "फ्लशनं आकडा नुसता ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात जातो. सिंक झाल्यावर मेमरी कार्डावर उतरतो. दोन्ही काय उत्तर देतात ते तपास. एरर आली तर 'जमा' म्हणून दाखवू नको."

मी स्वतः बसून ते दुरुस्त केलं. प्रोग्राम चालू असताना मुद्दाम पिन ओढून पाहिली. 'जमा' म्हटलेली प्रत्येक नोंद जागेवर होती. मला बरं वाटलं, आणि मी पुण्याला परतले.

चाचणी पुन्हा घ्यायची होती, पण मशीन एकच होती आणि आमचा नंबर आता शेवटी गेला. चाचणीआधी आठ दिवस विहिरीतून पाणी काढायचं नाही, असा संस्थेचा नियम. नंबर कधी लागेल ते कुणी सांगेना. माय रोज विचारायची, रोज "लागंलच आता" ऐकायची आणि मोटार बंद ठेवायची. विहिरीत पाणी होतं आणि बाग वाळत होती. फोनवर ती एवढंच म्हणायची, "पानं गळाया लागलीत."

चाचणी झाली तेव्हा मी गावी होते. एकही नोंद गेली नाही. सभेत विहीर मंजूर झाली आणि पंडित पळतच बागेत आला.

"काकू, झालं मंजूर! लई भारी फाइल झाली बगा!"

"बरं झालं," माय म्हणाली.

ती मोसंबीच्या खोडाची साल नखानं खरवडत होती. झाड जिवंत असेल तर सालीखाली हिरवं लागतं. खाली तपकिरी होतं. ती पुढच्या झाडाकडे गेली, तिथंही तेच. पंडितचं हसू मावळलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मला त्याचा रागही आला नाही. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

"बाई," मायनं विचारलं, "पानी हाय असं त्या फाइलीत लिवलंय ना?"

"लिहिलंय."

"पुसून न्हाई ना जायाचं आता?"

"नाही माय. आता नाही जाणार."

तिनं मान हलवली. पलीकडची ओळ राहिली होती. तिकडं मी गेले आणि पहिल्या झाडाची साल खरवडली.