हळूहळूंचं उलट पान

वीज गेली की आमच्या गल्लीत सगळे वैतागतात. मी एकटी खूश व्हायचे.

सोलापुरात भवानी पेठेत राहायचं म्हणजे दिवसभर यंत्रमागांची खटखट. ती इतकी सवयीची की ऐकूच येत नाही, थांबली की मात्र लगेच कळतं. माग बंद, पंखा बंद, आईची मशीन बंद. आई टॉवेलांच्या कडा शिवते, मशीनला मोटर लावलेली आहे. "गेली बघ परत," ती म्हणायची आणि मी मोबाईल घेऊन जिन्यात पळायचे. कारण वीज गेली की पाचेक मिनिटांत हळूहळू यायचे.

हळूहळू हे एका माणसाचं नाव. किंवा बाईचं. ते त्यांनी कधी कळू दिलं नाही, म्हणून मी आपली 'ते' म्हणते. 'वादकट्टा' नावाची एक साधी वेबसाइट आहे, टेंभुर्णीच्या ऋतुराजदादाने कॉलेजात असताना बनवलेली. पन्नासेक माणसं असतील. खरं नाव कुणी लावत नाही. माझं नाव 'प्लुटोची मावशी', कारण प्लुटोला ग्रह म्हणायचं बंद केलं याचा मला अजून राग आहे. तिथे कशावरही वाद चालतो. डास मारणं ही हिंसा आहे का. पैसे न भरता सॉफ्टवेअर वापरणं ही चोरी का. पाहुण्याला "चहा टाकलाच होता" म्हणणं खोटं बोलण्यात धरायचं का. शेवटचा वाद अकरा दिवस चालला.

कट्ट्याचा एक नियम मला सगळ्यात आवडतो. वाद हरलात असं वाटलं तर नुसतं सॉरी म्हणायचं नाही. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत, त्याच्याहून चांगलं लिहायचं. त्याला उलट पान म्हणतात. ते वाचून समोरचा "व्हय, हेच" म्हणाला की वाद मिटला. तोवर पानावर पिवळा ठिपका राहतो.

हळूहळू मला मावशीच म्हणायचे. "मावशी, तुमचं गणित बरोबर हाय, पण प्रश्न चुकलाय." असं. दोन-तीन ओळी लिहायचे, पण त्यावर मी दोन दिवस विचार करायचे. मग मध्येच "बाकीचं नंतर" लिहून गायब. त्यांच्यामुळे मी वर्गात हात वर करायला लागले. आधी मी उत्तर येत असूनही गप्प बसायचे. आता बाई म्हणतात, "चैताली, दुसऱ्यांनाही बोलू दे की."

तर जूनमध्ये वाद निघाला की कट्ट्यावरचं कुणी कोण आहे हे अंदाजाने शोधून काढणं बरोबर आहे का. मी म्हटलं, बरोबर आहे. माहिती उघड्यावर पडलेली आहे, ती जोडून बघितली तर बिघडलं काय? विज्ञान तेच करतं. हळूहळू म्हणाले, "मावशी, जोडता येतं म्हणून जोडायचंच का?"

मला सिद्ध करून दाखवायची लई हौस. मी वहीत त्यांच्या सगळ्या मेसेजच्या वेळा लिहिल्या. शेजारी आमच्याकडे वीज गेल्याच्या वेळा लिहिल्या. एकोणीसपैकी सतरा जुळल्या. मी तक्ता करून टाकला आणि खाली लिहिलं: "हळूहळू भवानी पेठेत यंत्रमागावर कामाला आहेत. माग थांबला की लिहितात. सिद्ध."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'डिटेक्टिव्ह मावशी' म्हणाले. मी जिन्यात बसून एकटीच हसत होते. मग एकाने लिहिलं, "मागवाला माणूस एवढं लिहितो? वाटत नाही." दुसऱ्याने विचारलं, "शिक्षण किती झालंय हो तुमचं?"

हळूहळूंनी लिहिलं, "बाकीचं नंतर."

त्याला आता बेचाळीस दिवस झाले.

या बेचाळीस दिवसांत वीज चौदा वेळा गेली. त्यातल्या तेरा वेळा मी जिन्यात पळाले. आई म्हणाली, "वीज गेली की हिच्या अंगात येतं. तेवढ्यात चार टॉवेल घडी कर की."

शेवटी मी ठरवलं की शोधूनच काढायचं, भेटायचं आणि माफी मागायची. मागच्या शनिवारी आई शिवलेले टॉवेल कारखान्यात द्यायला निघाली, तर मी म्हटलं, मी येते.

"तू? गठ्ठा उचलायला बोलावलं तर तुझं पोट दुखतं."

"आज नाही दुखत."

आम्ही पोचलो आणि नेमकी वीज गेली. खटखट थांबली, सगळे बाहेर येऊन पायरीवर बसले. सहा जण. केसांत कापसाची भुरी. चौघांच्या हातात मोबाईल. मी एकेकाच्या बोटांकडे बघायला लागले. कोण स्क्रोल करतंय, कोण लिहितंय. कडेला बसलेल्या एक काकू काहीतरी लिहीत होत्या, अगदी सावकाश, एकेक अक्षर शोधत. मी मान पुढे केली.

त्यांनी मोबाईल पदराखाली घेतला.

"काय गं पोरी, काय बघतीस?"

"काही नाही काकू."

"मग बघू नको की."

आई आतून म्हणाली, "रत्नम्मा, माझीच पोरगी हाय ती." रत्नम्माकाकू हसल्या, पण मोबाईल काही बाहेर काढला नाही. वीज येईपर्यंत त्या नुसत्या रस्त्याकडे बघत बसल्या. त्यांचा तेवढा रिकामा वेळ मी खाल्ला. त्या हळूहळू असोत नाहीतर नसोत.

परत येताना आईने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

घरी येऊन मी उलट पान लिहिलं.

"हळूहळू यांचं म्हणणं असं आहे. माहिती उघड्यावर पडलेली असली तरी ती उचलून जोडणारा हात कुणाचा तरी असतो. कट्ट्यावर माणूस फक्त आपलं म्हणणं घेऊन येतो, बाकीचं मुद्दाम घरी ठेवून येतो. ते बाकीचं कुणी इथे आणून टाकलं, की लोक तेच बघत बसतात. मग म्हणणं कुणी ऐकत नाही. माझंच सांगते. मी दहावीत आहे. हे आधी माहीत असतं तर प्लुटोवरून तुम्ही माझ्याशी तीन आठवडे भांडला असता? हळूहळूंनी मला पहिल्या दिवसापासून तुम्ही म्हटलं. घरी, शाळेत, दुकानात मला कुणी तुम्ही म्हणत नाही. मला ते असंच चालू राहायला हवं होतं. त्यांनाही काहीतरी असंच हवं असणार, आणि ते मी मोडलं."

तक्ता मी ऋतुराजदादाला काढून टाकायला लावला. पण वाचणाऱ्यांचा तो वाचून झाला होता.

आज दुपारी तीनला वीज गेली. मी जिन्यात बसले. गल्ली शांत. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. दहा मिनिटांनी ऋतुराजदादाचा मेसेज आला.

"मावशी, तुमचं उलट पान आत्ता कुणीतरी तिसऱ्यांदा उघडलंय. लॉगिन न करता. सोलापुरातूनच. जुन्या नोंदींशी ताडून बघू का? हळूहळू आहेत का ते दोन मिनिटांत कळेल."

मी लिहिलं, "बघ ना दादा." पाठवायच्या आधी ते तसंच बघत राहिले. दोन मिनिटं म्हणजे काय, बेचाळीस दिवसांपुढे काहीच नाही. नुसतं 'होय, तेच आहेत' एवढं कळलं असतं तरी मी आज पोटभर जेवले असते.

मग एकेक अक्षर खोडलं.

"नको," मी पाठवलं.

"नक्की?"

"व्हय."

ठिपका पिवळाच होता. मी पान ताजं केलं, परत केलं. या गल्ल्यांमध्ये कुठल्या तरी पायरीवर कुणीतरी माझं लिहिलेलं वाचत असेल, सावकाश, तिसऱ्यांदा. किंवा वाचून मोबाईल खिशात ठेवलाही असेल.

मग खटखट सुरू झाली. आधी लांबचा एक माग, मग सगळे. खालून आईची मशीन.

"आली बघ," आई म्हणाली. "ये आता खाली."

"थांब की गं जरा," मी म्हटलं.