अर्धा उरलेला तक्ता

मी एक तक्ता बोलतोय. यवतच्या बाळासोंच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, डॅशबोर्डपाशी दोरीला लटकलेला. पूर्वी वीतभर रुंद होतो, आता निम्माच उरलोय. मला माणसांची किळस येते. हे आधीच सांगून टाकतो. पुढे सांगायचा धीर होईल की नाही, खात्री नाही.

मला घडवलं हौसराव सरांनी. शिरूरच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बाळासो त्यांचे जुने विद्यार्थी. शिरूरकडच्या एका कंपनीला परदेशी पाहुण्यांसाठी ड्रायव्हर हवे होते. मागच्या सीटवरून पाहुणा काय म्हणतो ते त्यांना कळायला हवं होतं. म्हणून सरांनी माझ्या डाव्या बाजूला गाडी चालवताना लागणारी वीस इंग्रजी क्रियापदं देवनागरीत लिहिली: स्लो डाऊन, बॅक अप, ड्रॉप ऑफ, अशी. उजव्या बाजूला मराठी अर्थ. 'पुल ओव्हर'पुढे त्यांनी तीनदा खाडाखोड केली आणि शेवटी 'गाडी कडेला घेऊन थांबणे' ठेवलं. सरांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. लॅमिनेशनच्या यंत्रातून मी बाहेर आलो तेव्हा त्यांची धाकधूकही माझ्याबरोबर प्लॅस्टिकमध्ये बंद झाली असावी.

गाडीत आलो आणि माझे हाल सुरू झाले. बाळासो माझ्यावर तंबाखू मळतात आणि चुन्याचं बोट नेमकं 'स्पीड अप'ला पुसतात. कुणी भज्यांचे तेलकट हात पुसले, कुणी दात कोरलेली काडी माझ्या दोरीत खोचून ठेवली. ती अजून आहे.

तेही चाललं असतं. खरी शिसारी आली ती त्यांच्या पाठांतराची. जो येई तो मला पाढ्यांसारखा घोकी. बाळासो डावीकडचं म्हणत, शिकणारा उजवीकडचं म्हणे. साहेबराव नावाच्या टेम्पोवाल्याने तर 'बॅक अप' ऐकताच 'मागे घेणे' असं खणखणीत म्हटलं आणि गाडी पुढे नेऊन स्कूलच्या भिंतीला धडकवली. बाळासो खाली उतरले, भिंतीकडे पाहून म्हणाले, "भिंत काय, लिंपता येती. उच्चार बघा गड्याचा."

मग खुटबावची सुषमा आली. घरच्या पिकअपमधून पहाटे फुलं बाजारात नेणारी बाई. तिच्या पायाखाली क्लच कसा सुटायचा ते कळायचंसुद्धा नाही. पण ती पिकअप दिराने विकायला काढली होती. गाडी गेली की तिचं स्टिअरिंग गेलं. पुन्हा दुसऱ्यांच्या मळ्यात फुलं तोडायची. शिरूरकडच्या त्या कंपनीत बायकांसाठी ड्रायव्हरची एकच जागा होती आणि परीक्षा सोमवारी.

तीन आठवडे तिने मला पाठ केलं. घोटून घोटून. आदल्या शनिवारी बाळासोंनी तिची चाचणी घेतली. हायवे सोडून गाडी खुटबावच्या रस्त्याला लागली, तसे ते म्हणाले, "पुल ओव्हर."

"गाडी कडेला घेऊन थांबणे," सुषमा म्हणाली आणि सरळ पुढे गेली.

पुढे उसाची ट्रॉली अर्धी रस्त्यावर उभी होती. बाळासोंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. मी काचेवर आपटलो. ट्रॉलीतला ऊस बॉनेटपासून हातभर राहिला होता. बाळासो घाम पुसत म्हणाले, "पैकीच्या पैकी मार्क."

मला तेव्हा त्यांची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी. चांगला चालणारा पाय मी बिघडवला होता. कदाचित मी उगाच स्वतःकडे दोष ओढत असेन. पण ती उजवी बाजू माझीच होती ना?

सुषमाने परत येऊन मला दोरीतून सोडवलं. हौसराव सर दर शनिवारी एसटीने येऊन उच्चार तपासत. ते ऑफिसात बसले होते. तिने मला त्यांच्यापुढे ठेवलं.

"सर, आधी माझा पाय आपसूक दाबायचा. आता त्यो तोंडाची वाट बघतोय. सोमवारी कुनाला तरी मारीन मी."

सरांनी बाळासोंकडे कात्री मागितली आणि तिच्या हातात दिली. तिनेच कापलं, उभं, सरळ. मराठी अर्थ टेबलावर पडले. बाळासोंनी त्याच तुकड्याने बुटाचा चिखल खरवडला.

मग तिने मला पुन्हा गाडीत दोरीला बांधलं, स्टिअरिंग धरलं आणि सर मागच्या सीटवर बसले. सीटचा कोपरा घट्ट धरून ते शब्द उलटसुलट म्हणू लागले. सुरुवातीला तिचे ओठ हलत होते. कॅनॉलपर्यंत येता येता थांबले. सर म्हणाले, "पुल ओव्हर." इंडिकेटर टिकटिकला, गाडी कडेच्या मातीत उतरली आणि उभी राहिली.

सरांची सवय जाते कुठे? त्यांनी विचारलं, "म्हणजे काय?"

सुषमाने आरशात पाहिलं. "थांबलोय न्हवं, सर?"

सोमवारी ती मला न घेता गेली. नोकरी तिला मिळाली. पेढे घेऊन आली तेव्हा बाळासोंनी पेढा खाऊन तुपाचं बोट माझ्यावर पुसलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की पोरीला वीसच्या वीस पाठ होती.

आता त्यांनी चाळीस क्रियापदांचा नवा तक्ता करायला टाकलाय. अर्थ मराठीत आणि शेजारी हिंदीतही. परवा तो माझ्या जागी लटकेल आणि मी कशाखाली तरी पडेन. त्याची मला फारशी खंत नाही. गाडी शिकायला येतील त्यांना एवढंच सांगतो: कात्री ऑफिसच्या टेबलाच्या वरच्या खणात असते.