मेलेला मेव्हणा तिसऱ्या रांगेत

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. होसूर रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडली की लागणारं ते इंजिनिअरिंग कॉलेज. तिथं दर शनिवारी सकाळी वेगवेगळ्या भागांतले पालक बोलावले जायचे आणि त्या दिवशी पाळी होती बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मंडळींची. रात्रभर बसमध्ये अंग आंबलेली माणसं अंघोळ न करता थेट आत शिरली होती, आणि निम्म्यांच्या हातात नारळ होते. नारळ कुणाला? कॉम्प्युटरला!

स्टेजवर भलामोठा पडदा, पडद्याला झेंडूची माळ. पुढं कॉलेजच्याच वर्कशॉपमध्ये बनवलेल्या लोखंडी स्टँडवर हिरवी उजळणारी काच. यंत्राचं नाव त्रिनेत्र. त्याचा पुजारी रघुनंदन, मूळचा पुण्याचा, पांढरा कुर्ता, गालाला चिकटलेला माइक आणि तोंडात अर्धं इंग्रजी, अर्धं पुराण.

"पालकहो, धिस इज नॉट अ मशीन. धिस इज साधना! मुलगा तुमच्याशी खोटं बोलेल, पण त्याच्या तळहाताची एनर्जी खोटं बोलत नाही. त्रिनेत्र ती फ्रीक्वेन्सी पकडतं, आणि मनाच्या तळाशी दडलेलं पाप वर काढतं. ऋषींना जे ध्यानात दिसायचं, ते आता क्लाउडवर आलंय!"

टाळ्या पडल्या. पहिलं नाव पुकारलं गेलं ते सुरजचं. निपाणीच्या तंबाखू वखारीत वजनकाट्यावर काम करणाऱ्या बापाचा हा एकुलता मुलगा. त्यानं काचेवर हात ठेवला. काच लाल झाली, आणि पडद्यातून बाईचा गोड आवाज आला, "सुरज. तू तीन विषयांत नापास आहेस. घरी दाखवलेली गुणपत्रिका तू स्वतः बनवलीस."

पोरगं पांढरं पडलं. तेवढं पुरलं. बाप स्टेजवर चढला, पहिली थप्पड कानशिलात, दुसरी तोंडावर. मग चप्पल. मग घडीची लोखंडी खुर्ची. "मारा! अजून मारा!" खालून लोक ओरडत होते. शेवटच्या वर्षाची तीन पोरं वर धावली, सोडवायला नव्हे, सुरजचे हात धरायला. हाड मोडल्याचा आवाज चौथ्या रांगेपर्यंत गेला.

रघुनंदननं डोळे मिटून हात जोडले. "पाप बाहेर पडताना वेदना होतातच."

आणि रक्त पुसायच्या आधी लोकांनी पडद्यासमोर नारळ फोडायला सुरुवात केली.

दारात उभे असलेले नागनाथ मास्तर गर्दी कापत पुढं आले. भालकीचा माणूस, सव्वीस वर्षं याच कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पोरांना कानस धरायला आणि वेल्डिंग मारायला शिकवणारा. त्यांनी सुरजला खांद्यावर घातलं, रिक्षात टाकलं, दवाखान्यात नेलं. गळपट्टीचं हाड आणि उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती.

परत येऊन ते प्रिन्सिपॉलच्या खोलीत घुसले. "साहेब, हे कॉलेज आहे का कसाईखाना?"

"नागनाथ, स्वल्प ॲडजस्ट करा," प्रिन्सिपॉल म्हणाले. "आईबाप खूश आहेत. पोरं शिस्तीत आलीत. ॲडमिशनला रांग लागलीय. आणि यंत्र खोटं बोललं का? पोरगं नापास होतं की नव्हतं?"

मास्तर तसेच बाहेर पडले. पोरगं नापास होतंच. यंत्र खरं बोललं होतं, आणि तेच त्यांना डाचत होतं. आयुधपूजेला लेथ मशीनला आपणही हळदकुंकू लावतो, पण पोरगं चोर आहे का साव हे आजवर कुणी लेथला विचारलेलं नाही. या काचेला कसं कळलं?

बुधवारी दुपारी वर्कशॉप रिकामं असताना शिवलीला आली. दुसऱ्या वर्षाची, खानापूरची. ओठ दातांनी चावून सोललेले.

"मास्तर, येत्या शनिवारी आमच्या बेळगावकडच्या उरलेल्यांची पाळी. माझं नाव लागलंय. अप्पा येणारायत."

"मग?"

"एक मुलगा आहे. मंजुनाथ. आमच्यातला नव्हे. त्रिनेत्रानं सांगितलं तर अप्पा मला जिवंत घरी नेणार नाहीत. माझ्या आत्त्याचं काय झालं ते आमच्या घरात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. मी कुठंतरी पळून जाते, मास्तर."

"थांब. हे तू कुणाला सांगितलंयस?"

"कुणालाच नाही."

"मैत्रिणीला?"

"नाही हो. आईलासुद्धा नाही. देवाशपथ कुणाला नाही. फक्त सहाध्यायीला."

"हा कोण?"

"ॲप आहे मास्तर, कॉलेजचं. एआयचं. सक्तीनं घ्यायला लावलंय की सगळ्यांना. गणित फार छान समजावतं. मराठीत विचारलं तर मराठीत सांगतं, दहादा विचारलं तरी चिडत नाही. मग एकदा अभ्यास करताना रडू आलं. त्यानं विचारलं, काय झालं? मी सांगून टाकलं."

मास्तरांनी हातातली कानस खाली ठेवली. तसेच उठून दवाखान्यात गेले. सुरजच्या तोंडाला सूज होती, पण बोलता येत होतं.

"नापास झाल्याचं कुणाला बोलला होतास?"

"कुणाला नाही, सर."

"नीट आठव. माणूसच पाहिजे असं नाही."

सुरज छताकडं बघत राहिला. मग त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले. "सर... गुणपत्रिका केल्यावर मला भीती वाटत होती. मी सहाध्यायीला विचारलं होतं, आता बाबांना खरं कसं सांगू म्हणून."

बघा, काय राक्षसी धंदा! पोरगं खरं सांगायचा रस्ता शोधत होतं, आणि त्याच शब्दांनी त्याची हाडं मोडली गेली.

संशय पक्का झाला, पण संशयावर गर्दी गप्प बसत नाही. मास्तरांनी घरी येऊन मोबाइल काढला. पाठाचं नियोजन करायला म्हणून शिक्षकांच्या मोबाइलवरही सहाध्यायी घातलेलं होतं. आजवर त्यांनी ते उघडलं नव्हतं. एका बोटानं त्यांनी मराठीत लिहिलं, "मन खातं. बारा वर्षांपूर्वी मी माझ्या मेव्हण्याचा, विलासचा, खून केला. जमिनीवरून भांडण झालं. डोक्यात पान्हा घातला आणि प्रेत मांजरा नदीत सोडलं."

ॲपनं फार हळवं उत्तर दिलं. तुम्ही एकटे नाही आहात, वगैरे.

मग त्यांनी शहरातल्याच जे. पी. नगरला फोन लावला. तिथं विलासचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे.

"विलास, शनिवारी अकरा वाजता आमच्या कॉलेजात ये. तू मेलेला आहेस."

"दाजी, भरदिवसा घेतलीय काय?"

"मी तुझा खून केलाय. तिसऱ्या रांगेत बस, मी हाक मारेपर्यंत उठू नको. आणि येताना आधार कार्ड आण."

"अक्काला फोन द्या बघू जरा," विलास म्हणाला.

शनिवार उजाडला. पुन्हा तीच गर्दी, तेच नारळ. पहिल्या रांगेत शिवलीलाचे वडील प्रतापराव, पिळदार मनगटांचा माणूस, मांडीवर मुठी आवळून. शेजारी पोरगी, मान खाली. रघुनंदननं यादी उघडली, आणि तेवढ्यात नागनाथ मास्तर स्वतःच स्टेजवर चढले.

"पोरांची पापं फार झाली. आधी माझं बघा."

रघुनंदनच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. चार दिवस तो याच सावजाची वाट बघत होता. आठवडाभर कॉलेजभर कुरकुरत फिरणारा म्हातारा आपल्या पायांनी चालत आला होता.

"वेलकम, मास्तरजी! हात ठेवा. घाबरू नका, त्रिनेत्रासमोर सगळे समान!"

मास्तरांनी हात ठेवला. काच लाल झाली. गोड आवाज आला, "नागनाथ. बारा वर्षांपूर्वी तू तुझ्या मेव्हण्याचा, विलासचा, खून केलास. डोक्यात पान्हा घातलास. प्रेत मांजरा नदीत सोडलंस."

एक बाई किंचाळली. रघुनंदन गरजला, "ऐकलंत? पोलिसांना बारा वर्षांत जे सापडलं नाही, ते त्रिनेत्रानं बारा सेकंदांत काढलं!"

मास्तर हात वर करून विलासला हाक मारणार होते. पण त्यांनी एक गोष्ट धरलीच नव्हती. पापी सापडला की गर्दी थांबत नसते. सर्वांत आधी प्रतापराव उठले. त्यांनी खुर्ची आपटून तिचा पाय उपटला आणि दोन ढांगांत वर आले. पहिला फटका मास्तरांच्या जबड्यावर बसला. हाक दातांसकट तोंडातच राहिली. दुसरा फटका बरगडीत. मास्तर कोसळले, तशा लाथा सुरू झाल्या. ज्यांना मास्तरांचं नावही माहीत नव्हतं, ते रांगा ओलांडून लाथ मारायला येत होते. तोंडात रक्त साचलेलं, डोळ्यांपुढं नुसते बूट.

तिसऱ्या रांगेत विलास बोंबलत होता, "अहो, थांबा! मी आहे! मी जिवंत आहे!"

"बाजूला व्हा हो," त्याला ढकलत एकजण म्हणाला, "खुनी आहे तो, खुनी! एक तरी लाथ घालू द्या!"

विलास खुर्च्यांवरून उड्या मारत स्टेजवर पोचला आणि मास्तरांच्या अंगावर पालथा पडला. चार फटके त्याच्या पाठीत बसले. मग तो तसाच उठला आणि रघुनंदनच्या गालावरचा माइक ओरबाडून काढला.

"कुणाचा खून? विलासचा? अरे मुडद्यांनो, मीच तो विलास!" त्यानं आधार कार्ड उंच धरलं. "कोण वाचतो? या की पुढं! जिच्या भावाला मारलं म्हणता, ती माझी सख्खी बहीण, यांची बायको, सकाळी मला पोहे घालून पाठवते!"

लाथा थांबल्या. कुणीतरी कार्ड वाचलं. फोटो बघितला, माणूस बघितला.

रघुनंदन चाचरत म्हणाला, "पालकहो, एनर्जी कधीकधी मागच्या जन्मातली..."

"मागच्या जन्मीसुद्धा माझं इन्व्हर्टरचं दुकान होतं काय रे?" विलास ओरडला. "बारा वर्षं म्हणाला ना तुझा डबा?"

मास्तर कोपरावर उठले. तोंडातलं रक्त थुंकून, एकेक शब्द काढत बोलले, "ही गोष्ट मी बुधवारी बनवली. खोटी. या जगात ती फक्त एका ठिकाणी लिहिली. कॉलेजच्या ॲपमध्ये. हा स्टँड मी वेल्ड केलाय. काच उचला."

विलासनं काच उचलली. खाली रंगीत दिव्यांची पट्टी आणि दोन वायरी. दोन्ही दिव्यांना गेलेल्या. तळहातातून आत जायला रस्ताच नव्हता.

तोवर शिवलीला पडद्यामागं गेली होती. तिथं टेबलावर लॅपटॉप होता. तिनं तो मोठ्या पडद्याच्या वायरला जोडला, आणि त्यावरचं सगळं सगळ्यांना दिसायला लागलं. विद्यार्थी आणि शिक्षक आपापल्या मोबाइलवर एकटे बसून जे लिहीत होते, ते इथं नावानिशी येऊन पडत होतं. कुणाचं कर्ज, कुणाचं प्रेम, कुणाची भीती. वरच "नागनाथ, कर्मचारी, गुन्ह्याची कबुली" आणि खाली मास्तरांचा मजकूर, शब्दाला शब्द. रघुनंदन त्यातला हवा तो मजकूर उचलायचा, गोड आवाजात वाचायला लावायचा, आणि पायाखालचं बटण दाबून काच लाल करायचा. हाच तो तिसरा नेत्र!

पडद्यावर पुढची ओळ सरकली. "शिवलीला". पुढं काय ते कुणी वाचायच्या आत तिनं लॅपटॉप खाडकन मिटला.

आता गर्दीचा मोर्चा रघुनंदनकडं वळला. खुर्च्या वर उचलल्या गेल्या. "फोडा त्याला! फोडा ते यंत्र!" रघुनंदन टेबलाखाली शिरला. विलासला खरं तर मनापासून बरं वाटत होतं, पण मास्तर त्याच्या खांद्याचा आधार घेऊन टेबलासमोर उभे राहिले.

"याला पोलीस नेतील. आणि यंत्राला का फोडता? काच नुसता दिवा. मागच्या ॲपनं पोरांना गणित शिकवलं, तेवढंच त्याचं काम. ते मनातलं वाचत नाही, लिहिलेलं वाचतं. तुमच्या पोरांनी त्याच्याजवळ रडायचं कारण काय, ते विचारा. तुमच्याजवळ रडली असती तर तुम्ही काय केलं असतं? ते आत्ता दिसलंच." त्यांनी आपल्या जबड्याला हात लावला. "सुरजची बोटं यंत्रानं मोडली नाहीत. यंत्राला हात नाहीत. उद्या दुसरा कुणी येईल, दुसरं नाव घेऊन येईल. तो तुमच्या मनातलं सांगेल, तेव्हा पाय धरू नका. आधी आठवा, हे आपण कुणाला सांगितलं होतं. आणि काठी उचलायच्या आधी एकदा, फक्त एकदा, विचारा. मी खुनी आहे का, हे तुमच्यापैकी एकानं तरी मला विचारलं?"

खुर्च्या हळूहळू खाली आल्या.

प्रतापराव मात्र जागचे हलले नव्हते. त्यांची नजर पोरीवर होती.

"तुझं नाव होतं तिथं," ते म्हणाले. "पुढं काय लिहिलं होतं?"

शिवलीला लॅपटॉप छातीशी धरून उभी होती. तिला पळता आलं असतं, दार मोकळं होतं. तिनं बापाच्या हाताकडं पाहिलं. खुर्चीचा पाय अजून मुठीत होता, त्याच्या टोकाला मास्तरांचं रक्त.

"विचारताय ना, अप्पा? मग आधी ते खाली ठेवा."

प्रतापरावांनी हाताकडं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचाच होता. वाकले. खुर्चीचा पाय खाली ठेवला.

"एवढ्यावर नाही. लांब ढकला."

त्यांनी लाथेनं तो लांब ढकलला. लोखंड घरंगळत स्टेजवरून खाली पडलं, आणि त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"त्याचं नाव मंजुनाथ," शिवलीला म्हणाली.