शिशाच्या एप्रनला सगळं माहीत होतं

मित्रांनो, मला एकदा उचलून बघा. एका हाताने नाहीच उचलवणार! पाच किलोचा आहे मी आणि वय अकरा वर्षं, म्हणजे आमच्यात म्हाताराच. दवाखान्यात एक्स-रे काढणारी माणसं अंगावर जो निळा, जाडजूड एप्रन घालतात ना, तो मी. मशीनमधून निघणारे किरण दिसत नाहीत, त्यांना आवाज नाही, वास नाही. पण रोज रोज अंगावर पडले तर ते माणसाचं नुकसान करतात. त्यांना मी माझ्या अंगात अडवतो. एवढंच माझं काम. बोलणं हे माझं काम नाही, आणि सगळं दुःख तिथेच आहे.

कारखान्यात शिशाची पूड रबरात मळून, पोळीसारखी लाटून मला बनवलं. वरून निळं कापड शिवलं. मग ट्रकमधून मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात आलो. खिडकीतून सागाची झाडं दिसायची. तिथले तंत्रज्ञ निकेश सर मला घालून पहिल्यांदा आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अबे, हे त चिलखतच हाय!" मी असा फुगलो म्हणता!

काय काय पाहिलं मी त्या खोलीत! खोकून खोकून वाकलेल्या छात्या, झाडावरून पडून मोडलेले हात, अस्वलाने फाडलेला खांदा. पुढे एक नवा, हलका एप्रन आला आणि सर तोच घालू लागले. मी कोपऱ्यात गेलो. धूळ खाल्ली, पाल अंगावरून गेली, कोणी विचारलं नाही.

मग नंदिनी आली.

ती सावली तालुक्यातल्या एका गावची. चंद्रपूरच्या एका कॉलेजात एक्स-रेचं शिक्षण घेत होती आणि शेवटच्या वर्षाचं प्रत्यक्ष काम शिकायला आमच्याकडे राहिली होती. मित्रांनो, नुसते पेपर लिहून ही पदवी मिळत नाही बरं का. तिच्या नोंदवहीत तिने स्वतः काढलेले चारशे एक्स-रे भरायला हवे होते, प्रत्येकापुढे सरांची सही, आणि तेही एकतीस मार्चच्या आत. एक जरी कमी पडला तरी परीक्षेला बसता येणार नव्हतं. तिने आल्या आल्या मला ओल्या फडक्याने पुसलं आणि अंगावर चढवलं. सर म्हणाले, "अवं, नवा घे ना, हा भारी पडन तुले."

"पडू द्या सर. शाळेचं दप्तर याच्याहून भारी होतं."

मला इतकं हसू आलं!

नंदिनीच्या छातीवर, माझ्या आतल्या बाजूला, एक छोटा बॅज असायचा. तिच्या शरीराला किती किरण लागले ते तो बॅज मोजतो. दर तीन महिन्यांनी तो तपासायला बाहेरगावी जातो आणि त्याचा आकडा येतो. म्हणून काम संपलं की ती तो एक्स-रे खोलीत कधीच ठेवायची नाही. बाहेरच्या खोलीत एक खिळा होता, तिथेच टांगायची.

दसरा आला. नंदिनी घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. इकडे दवाखान्यात हत्यारांची पूजा. आमच्याकडे दरवर्षी मशीनला हार, कात्र्यांना हळदकुंकू. हे सगळं करायच्या सफाईवाल्या देवकाबाई. नंदिनीवर त्यांचा फार जीव. खिळ्यावरचा बॅज पाहून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पोरगी नाई त नाई, तिचं हत्यार त पूजेत आलं पायजे." त्यांनी मला मशीनसमोरच्या स्टँडवर टांगलं, बॅज माझ्या बाहेरच्या बाजूला लावला आणि वरून झेंडूचा जाड हार घातला.

दुसऱ्या दिवशी माणसांनी भरलेली एक पिकअप गाडी उलटली. अकरा जण जखमी. सर एकामागून एक एक्स-रे काढत होते. ते मला बाजूला सरकवायला लागले तेव्हा देवकाबाई ओरडल्या, "निकेशभाऊ, हार तीन दिवस हलवत नाईत!" सरांनी हात मागे घेतला. हाराखालचा बॅज त्यांना दिसलाच नाही. किरण माझ्यावर येत राहिले आणि बॅज ते सगळे नंदिनीच्या नावावर मोजत राहिला. मी ओरडत होतो, अरे, तो काढा! पण शिशाला कुठे तोंड असतं?

तिसऱ्या दिवशी देवकाबाईंनी हार काढला, बॅज पुसला आणि होता तिथे खिळ्यावर टांगला. नंदिनी परत आली, तिला काहीच कळलं नाही.

जानेवारीच्या शेवटी आकडा आला. सर कागद हातात धरून उभेच राहिले.

"नंदिनी, हे का हाय? बॅज आत सोडून गेल्ती का तू?"

"नाई सर! रोज बाहेर टांगते."

"मंग येवढे किरण कुठून लागले तुले?"

"मले नाई माहीत सर. खरंच नाई माहीत."

कॉलेजातून पत्र आलं. चौकशी होईपर्यंत नंदिनीने एक्स-रे खोलीत पाऊल टाकायचं नाही. तिच्या नोंदवहीत तेव्हा तीनशे अठरा एक्स-रे होते.

मित्रांनो, ते दिवस मला आठवू नयेत असं वाटतं. ती बाहेरच्या बाकावर बसायची, दारातून आत बघायची. आत बोलावणं नाही आणि बाहेर लोकांची तोंडं बंद नाहीत. पोरीच्या अंगात किरण शिरले, हिला आता लेकरं होणार नाहीत, असं गावापर्यंत गेलं. तिची आई ठमाबाई पहिल्या बसने आली. नंदिनीच्या रक्ताची तपासणी झाली, सगळं ठीक निघालं, तरी आईचा धीर सुटला होता.

"चाल घरी. नाई पायजे मले तुही डिग्री. जीव पायजे."

"आई, मी घरी आली त लोक म्हणतीन, खरंच होतं. मी इथूनच पास होऊन निघीन."

"अन् नाई झाली त?"

नंदिनीने बाकाची कड घट्ट धरली होती. मी भिंतीपलीकडे टांगलेला. मला सगळं ठाऊक! दसरा, हार, पिकअप, सगळं! पाच किलोचं अंग असून तिच्यासाठी मी तसूभर हलू शकलो नाही.

फेब्रुवारी गेला. मार्च लागला. एक दिवस देवकाबाई फरशी पुसता पुसता थांबल्या.

"काऊन वं पोरी, तुले आत काऊन येऊ देत नाईत? मी विचारीन विचारीन म्हणते."

नंदिनीने बॅजचं सांगितलं. मोजतो, आकडा येतो, सगळं. देवकाबाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"थो बिल्ला मोजते? मले वाटलं, तुह्या नावाची पट्टी हाय थे! दसऱ्याले मीच लावलं होतं नं वं त्याले मशीनपुढे!"

नोकरी कंत्राटावरची. बोललं तर जाऊ शकत होती. तरी त्या हात न पुसता तशाच सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "निकेशभाऊ, माह्या हातानं झालं. लिहा कागदावर, मी अंगठा देते." सर डोक्याला हात लावून बसले. "अन् हाराखाली म्याच नाई पाह्यलं," ते म्हणाले. दोघांनी मिळून कॉलेजला पत्र लिहिलं. दहा मार्चला परवानगी आली.

एकवीस दिवस. ब्याऐंशी एक्स-रे.

नंदिनीने मला पुन्हा अंगावर घेतलं. सुरुवातीला बरं चाललं. दिवसाला कधी सात, कधी आठ. मग जंगलात मोहफुलं पडायला लागली आणि दवाखाना रिकामा झाला! मोहाच्या दिवसांत आमच्याकडे खोकला असो, कंबर दुखो, माणूस दवाखान्यात येत नाही. पहाटेपासून टोपली घेऊन झाडाखाली फुलं वेचत. नंदिनी दाराकडे बघत बसायची. "बाई, कोणाचा हात मोडावा असं कसं मागू मी?" ती म्हणायची. देवकाबाईंनी बाजारात जाऊन खोकणारी चार माणसं धरून आणली, तर सरांनी परत पाठवली. डॉक्टरची चिठ्ठी नाही, तर एक्स-रे नाही. उगाच कोणाला किरण द्यायचे नाहीत.

एकतीस मार्चची दुपार. तीनशे एक्क्याण्णव. चार वाजले, पाच वाजले. कोणी आलं नाही.

सरांनी नोंदवही पुढे ओढली. "लिही नऊ नावं. मी सही मारतो. तुही चूकच नोती यात."

"लिह्य ना पोरी!" देवकाबाई रडायला लागल्या. "माह्या पायी वर्स जाते तुहं."

नंदिनीने पेन उचललं. मी तिच्या अंगावरच होतो. लिही, मी मनात म्हणालो. खोटं सांगत नाही मित्रांनो, मीही म्हणालो, लिही!

तिने पेन ठेवलं.

"सर, एका चुकीच्या आकड्यानं माह्यं का झालं, तुमी पाह्यलं नं? मंग मी नऊ खोटे कशी लिहू?"

परीक्षा हुकली. उरलेले नऊ एक्स-रे इथेच आणि मग पुढची परीक्षा, दोन्ही आता ऑक्टोबरमध्ये. जाताना ती खूप रडली, पण मला पुसून, सरळ टांगूनच गेली.

मित्रांनो, आता माझी एक विनवणी ऐका. ती गेल्यापासून कोणीही मला घडी घालून खुर्चीवर टाकतं. माझी घडी घालायची नसते हो! आत शिसं तडकतं, वरून काही दिसत नाही आणि त्या भेगेतून किरण थेट माणसाला लागतात. दोन घड्या झाल्या आहेत, तिसरी सोसेल की नाही माहीत नाही. कधी एक्स-रे खोलीत गेलात आणि माझ्यासारखा कोणी असा दुमडून पडलेला दिसला, तर तिथल्या मोठ्यांना सांगा, याला खुंटीवर टांगा. मला ऑक्टोबरपर्यंत टिकायचं आहे. नंदिनीचे नऊ बाकी आहेत.