वेशीवरचा भोंगा

सूर्यभान पाटलांच्या ऑस्टिनला गाडी म्हणायचं ते केवळ जुन्या मानाखातर. टायर कधीच बसले होते, गादीतला काथ्या उंदरांनी पळवला होता आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. तरी पुण्याचा रविकांत नवरी बघायला आल्यासारखा तिच्याभोवती फिरत होता. जुन्या गाड्या दुरुस्त करून चालत्या करायचा त्याला भारी नाद.

"भोंगा आहे, पण त्याचा रबरी फुगा कुठंय?" त्यानं विचारलं.

सूर्यभाननं बायकोकडं बघितलं. उंबऱ्याशी उभ्या मुक्ताबाईला ठाऊक होतं. फुगा तिनंच उपटून विहिरीत टाकला होता.

तिच्या सासऱ्यांच्या काळापासून गावातला दुखणाईत याच गाडीतून नगरच्या दवाखान्यात जायचा. बरा होऊन परतला, की वेशीवर भोंगा वाजे. तो ऐकून घरची बाई गरम पाणी आणि भाकरतुकडा घेऊन दारात उभी राही. माणूस दगावला असला, तर गाडी मुकी यायची. मुक्ताबाईच्या लहानग्या लेकाला, गहिनीला घटसर्प झाला आणि सूर्यभान त्याला गाडीतून नगरला घेऊन गेला, त्या दिवशी तिनं चूल विझू दिली नाही. संध्याकाळी गाडी मुकी आली, आणि रिकामी. पोराची माती सूर्यभान नगरलाच उरकून आला होता. आईला लेकराचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

तेव्हापासून गाडी गोठ्यात होती आणि दिवेलागणीला मुक्ताबाईचे कान वेशीकडे लागत. गाडी गेली म्हणजे हे वाट बघणं तरी संपेल, म्हणून विकायचं तिनंच काढलं होतं.

दुष्काळानं खंगलेल्या बैलांनी गाडी कशीबशी ओढली. वेशीबाहेर ट्रक उभा होता. सूर्यभान मागोमाग गेला. मुक्ताबाई भाकरी थापायला बसली. रडायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं.

पहिली भाकरी तव्यावर पडली आणि वेशीवर भोंगा वाजला. म्हातारी म्हैस रेकावी तसा, तोच जुना आवाज.

तिनं घाईनं पाणी तापवलं, तांब्यात ओतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि दार गाठलं.

सूर्यभान परतला तो पांढराफटक पडून.

"तुमी वाजवला?" तिनं विचारलं.

"फुगाच न्हाई त्याला. कुणी हात बी लावला न्हाई." त्याला धाप लागली होती. "तू हे कुनासाठी घिऊन हुबी हाईस?"

मुक्ताबाई त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर त्याच्या मागं, त्याच्या कमरेएवढ्या उंचीवर ठरली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"जरा बाजूला सरा," ती म्हणाली. "लेकराला आत यिऊ द्या."

सूर्यभाननं मागं वळून बघितलं नाही. तो भिंतीला चिकटला आणि त्यानं वाट दिली.